टांझानाइट: निळा आहे म्हणून नीलमसारखा वागवू नका

प्रश्न असा आला आहे. ठाण्याच्या एका ताईंचा भाऊ नोकरीसाठी टांझानियात अरुशाला असतो. भाऊबीजेची ओवाळणी म्हणून त्याने बहिणीला साडेतीन कॅरटचा, लंबगोल, जांभळट निळा टांझानाइट आणला. घरच्या ज्योतिषांनी सांगितलं, नीलमऐवजी हा चालेल, शनीसाठी मधल्या बोटात घाला. ओळखीच्या सराफांनी भिंगातून पाहून सांगितलं, खडा तापवलेला आहे, म्हणजे खरा नव्हे. तेव्हापासून खडा कपाटात पडून आहे आणि ताईंचे तीन प्रश्न आहेत. खरा की खोटा? रोजच्या अंगठीत चालेल का? आणि जपायचा कसा?

ताई, मी गेली सव्वीस वर्षं रत्नपरीक्षणाचं काम करते. आधी सराफांचं वाक्य घेते, कारण भावाने प्रेमाने आणलेल्या वस्तूवर त्या एका वाक्याने संशय बसला आहे, आणि तो चुकीच्या जागी बसला आहे.

खाणीतून निघणारा टांझानाइट बहुतेक वेळा निळा नसतोच. तो तपकिरी असतो, कधी मातकट हिरवट, कधी काकवीच्या रंगाचा. छोट्या भट्टीत त्याला साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत हळूहळू तापवतात, तेव्हा त्याच्यातली तपकिरी-पिवळी छटा निघून जाते आणि निळा-जांभळा मागे उरतो. हा रंग खड्यातल्या व्हॅनेडियम या धातूच्या अंशामुळे येतो. तो बाहेरून भरलेला नसतो, आतच असतो, आणि एकदा खुलला की कायम टिकतो. उन्हात ठेवून विटत नाही, वर्षांनी उतरत नाही. बाजारातला जवळजवळ प्रत्येक टांझानाइट तापवलेलाच असतो, आणि ते गृहीत धरूनच त्याचे भाव ठरतात. माणिक आणि नीलमच्या बाबतीत न तापवलेल्या खड्याला फार मोठी जास्तीची किंमत मिळते, म्हणून ‘तापवलेला’ हा शब्द सराफांच्या कानाला खटकतो. टांझानाइटला तो नियम लावू नये. शिवाय एवढ्या कमी तापमानाला तापवल्याची खूण बऱ्याचदा प्रयोगशाळेतही सापडत नाही, मग दुकानातल्या भिंगातून ती कशी दिसावी?

संशय घ्यायचाच असेल तर तो वेगळ्या गोष्टींचा घ्यावा. टांझानाइटच्या नावाखाली काच विकतात. प्रयोगशाळेत वाढवलेलं फोर्स्टराइट नावाचं वेगळंच खनिज विकतात, आणि ते दिसायला फार जवळचं असतं. आपल्याकडे काकानीली किंवा नुसतं ‘नीली’ म्हणून मिळणारं आयोलाइट विकतात. आणि २००८ साली आणखी एक प्रकार उघडकीला आला, तो म्हणजे खऱ्याच पण फिक्या टांझानाइटवर कोबाल्टचा अतिशय पातळ लेप. तो भिंगाखाली पैलूंच्या धारांवर पकडता येतो. वापराने तिथला लेप उडतो आणि धारा फिकट दिसायला लागतात. खुद्द टांझानाइट मात्र प्रयोगशाळेत बनवून विकला जातो आहे असं आजवर घडलेलं नाही, त्यामुळे ‘कृत्रिम टांझानाइट’ अशी पाटी दिसली तर ती वस्तू दुसरंच काहीतरी आहे हे समजून जा.

घरी करण्यासारखी एक तपासणी सांगते. ती मी शिकायला येणाऱ्या मुलांना पहिल्याच दिवशी करायला लावते. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा आणि खोलीतले दिवे बंद करा. खडा चिमट्यात धरून पडद्यासमोर आणा आणि एका डोळ्याने त्याच्या आरपार पाहत तो सावकाश गोल फिरवा. लॅपटॉपच्या पडद्यातून येणारा उजेड एकाच प्रतलात कंप पावणारा असतो, त्यामुळे खड्यातले रंग एकेक करून सुटे होतात. टांझानाइट असेल तर पाव वळणात निळ्याचा जांभळा होताना स्पष्ट दिसेल. एखाद्या दिशेने काहीच बदललं नाही तर खडा थोडा आडवा-तिरपा करून पुन्हा फिरवा. काच असेल तर कितीही फिरवा, रंग ढिम्म राहतो. आयोलाइट असेल तर निळा-जांभळा अचानक जवळजवळ पाण्यासारखा किंवा फिकट पिवळा होतो, आणि तो बदल इतका जोरदार असतो की पाहणारा दचकतो. फोर्स्टराइट मात्र या तपासणीत फसवू शकतं, कारण त्यातही दोन रंग दिसतात. त्यासाठी दहापटीचं भिंग लागतं. वरच्या सपाट पैलूतून खाली पाहिलं की फोर्स्टराइटमध्ये मागच्या पैलूंच्या धारा दुहेरी दिसतात, टांझानाइटमध्ये तशा दिसत नाहीत.

एवढं करून मन भरलं नाही तर चांगल्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेतून प्रमाणपत्र घ्या. तिथे अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना उजेड किती वळतो त्याचं माप, मोजतात. टांझानाइटचा १.६९ ते १.७० च्या आसपास येतो, आयोलाइटचा १.५४-१.५५ आणि नीलमचा १.७६-१.७७. या तिघांत गल्लत व्हायला जागाच नाही. प्रमाणपत्रावर ‘झॉइसाइट’ हे खनिजाचं नाव आणि ‘टांझानाइट’ हा त्याचा प्रकार असं लिहिलेलं असेल. ते वाचून घाबरू नका, ते बरोबर आहे.

आता रंगाबद्दल जरा सावकाश लिहिते, कारण या खड्याचं खरं वैभव तिथे आहे. न तापवलेल्या टांझानाइटच्या स्फटिकात तीन दिशांनी तीन रंग दिसतात: एकीकडून निळा, दुसरीकडून जांभळा किंवा वाईनसारखा लालसर, तिसरीकडून तपकिरी-पिवळट. तापवल्यावर तिसरा जातो आणि मुख्यतः निळा आणि जांभळा राहतात. म्हणजे अंगठीत वरून कोणता रंग दिसणार हे पैलू पाडणारा कारागीर ठरवतो. जयपूरला, जिथे जगातला टांझानाइट मोठ्या प्रमाणावर घडवला जातो, एका कारखान्यात मी शिकत असताना तिथले वयस्कर उस्ताद खडबडीत खडा बोटांत धरून खिडकीच्या उजेडात नुसते फिरवत बसायचे. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मग पेन्सिलीने एक बारीक रेघ मारायचे आणि त्यानंतरच खडा लाखेने काडीवर बसायचा. मी विचारलं, एवढा वेळ कशाला? त्यांनी तोच खडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, निळा वर आणला तर दगड जास्त जातो, जांभळा वर आणला तर वजन वाचतं. मालकाला वजन हवं असतं, मला रंग हवा असतो.

ते बोलणं अगदी खरं होतं. या स्फटिकाची ठेवणच अशी की निळा रंग माथ्यावर घ्यायचा तर बहुतेक वेळा जास्त माल झिजवावा लागतो. म्हणून वरून गडद निळा दिसणारा खडा, ज्यात कडेला जांभळी झाक चमकते, तो सगळ्यांत महाग असतो. आकाराचंही तसंच आहे. एक-दोन कॅरटच्या खड्यात रंग सहसा फिका, जवसाच्या फुलासारखा राहतो. पाच कॅरटच्या पुढे तो खोल होत जातो. तुमचा साडेतीन कॅरटचा मधला आहे. दिवसा उत्तरेच्या खिडकीशी धरून पाहा, निळा वाटेल. संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली पाहा, जांभळ्याकडे झुकेल. ‘काल निळा होता, आज जांभळा कसा झाला’ म्हणून घाबरलेली माणसं माझ्याकडे येतात. त्यात काही बिघडलेलं नसतं, खड्याचा स्वभावच तो आहे.

हा खडा जगात एकाच ठिकाणी सापडतो. अरुशा आणि मोशी यांच्या मधे, किलिमांजारोच्या पायथ्याच्या कोरड्या माळावर मेरेरानी नावाचं गाव आहे, तिथल्या टेकड्यांत. जेमतेम काही किलोमीटरांचा पट्टा. साधारण साडेअठ्ठावन्न कोटी वर्षांपूर्वी तिथल्या खडकांवर प्रचंड दाब-उष्णतेचे संस्कार झाले आणि हा खडा तयार झाला. त्या खडकांत ग्राफाइट भरपूर आहे, त्यामुळे खाणकामगार वर येतात तेव्हा नखशिखान्त करड्या चकचकीत भुकटीने माखलेले असतात. शेकडो मीटर खोल जाणारी ती अरुंद भुयारं आहेत. १९९८ आणि २००८ मध्ये मुसळधार पावसाचं पाणी खाणींत शिरून अनेक कामगार बुडाले. आपण दागिन्याच्या दुकानात मखमलीवर ठेवलेला खडा पाहतो तेव्हा हे डोळ्यांसमोर येत नाही, पण तुमचा भाऊ तिथेच राहतो, त्याला विचारा, तो सांगेल.

आणि यात आपल्याकडचा एक माणूस आहे, ज्याचं नाव मराठी घरांत फारसं कुणाला माहीत नाही: मॅन्युएल डिसोझा. मूळचे गोव्याचे, व्यवसायाने शिंपी, अरुशात स्थायिक झालेले. खनिजं शोधत हिंडणं हा त्यांचा छंद होता. पूर्व आफ्रिकेत त्या काळी गोंयकारांची मोठी वस्ती होती. कुणी कारकून, कुणी स्वयंपाकी, कुणी शिंपी. १९६७ च्या जुलैमध्ये मेरेरानीच्या टेकड्यांत डिसोझांना निळे तुकडे मिळाले. आधी त्यांना वाटलं नीलम. पण नीलमच्या मानाने खडा मऊ निघाला. मग वेगवेगळी खनिजं समजून अंदाज बांधले गेले आणि त्याच महिन्यात त्यांनी खाणीचा हक्क नोंदवला. शेवटी हे झॉइसाइट आहे असं ठरलं. झॉइसाइट हे खनिज शास्त्रज्ञांना १८०५ पासून माहीत होतं. झिगमुंड झॉइस या युरोपातल्या खनिजप्रेमी उमरावाच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं होतं. पण ते निळं, पारदर्शक आणि दागिन्याच्या लायकीचं कुणी पाहिलं नव्हतं. डिसोझांना त्या शोधाचं सुख फार काळ लाभलं नाही. १९६९ मध्ये मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला, आणि पुढे १९७१ मध्ये सरकारने खाणी ताब्यात घेतल्या.

शोधाचं श्रेय मात्र एकट्या डिसोझांचं नाही. जुमाने न्गोमा या स्थानिक माणसाला हे खडे त्याच वर्षी आधी सापडले होते असं टांझानियाचं सरकार मानतं. १९८० च्या दशकात त्यांना तसं प्रमाणपत्र दिलं गेलं आणि २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष मागुफुलींनी जाहीर सन्मान केला. मला स्वतःला दोघांचंही नाव घेणं योग्य वाटतं. त्या माळावर गुरं चारणाऱ्या मासाई लोकांच्या पायाखाली तर हे खडे पिढ्यान् पिढ्या होते.

‘टांझानाइट’ हे नाव न्यूयॉर्कच्या टिफनी या दागिन्यांच्या कंपनीने १९६८ मध्ये दिलं. ‘ब्लू झॉइसाइट’ हे उच्चारताना इंग्रजीत आत्महत्येच्या शब्दासारखं ऐकू येतं, आणि दागिन्याला असं नाव कोण ठेवील? देशाचं नाव दिलं ते बरंच झालं. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतल्या रत्नव्यापाऱ्यांच्या संघटनेने डिसेंबर महिन्याच्या जन्मखड्यांत त्याची भर घातली. २०१८ मध्ये चोरटी वाहतूक थांबवण्यासाठी सरकारने खाणींभोवती सुमारे २४ किलोमीटरची भिंत बांधून पुरी केली. दोन वर्षांनी सानिनिउ लायझर या मासाई खाणवाल्याला ९.२७ आणि ५.१ किलोचे दोन धोंडे मिळाले आणि एका दिवसात तो कोट्यधीश झाला. ते छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल, दोन हातांत दोन जांभळे दगड धरलेला माणूस. तुमच्या भावाला सांगा, खड्याची पावती आणि तिथून बाहेर आणतानाचे कागद जपून ठेव. पुढे विमा काढताना किंवा विकताना त्यांचं मोल असतं.

आता शनीचा प्रश्न. ताई, मी ज्योतिषी नाही आणि कुणाच्या श्रद्धेला धक्का लावायची माझी इच्छा नाही. माझ्या आईने आयुष्यभर पोवळ्याची अंगठी घातली, तीच अंगठी आज माझ्या बोटात आहे. पण एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. नवरत्नं म्हणजे माणिक, मोती, पोवळे, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद आणि लसण्या. शनीचं रत्न नीलम. जो खडा १९६७ पर्यंत जगाच्या बाजारात आलाच नव्हता, तो आपल्या कुठल्याही जुन्या ग्रंथात नीलमचं उपरत्न म्हणून असणं शक्य नाही. आज तसं सांगितलं जातं ते रंगाच्या साम्यावरून. ‘नीलम सगळ्यांना लाभत नाही, आधी तीन रात्री उशाखाली ठेवून पाहा’ ही आपल्याकडची भीती सर्वांना ठाऊक आहे. त्या भीतीमुळे लोक सौम्य पर्याय शोधतात आणि व्यापारी त्यांना टांझानाइट पुढे करतात. तुमच्या ज्योतिषांनी शनीसाठीच खडा सांगितला असेल तर त्यांना हे विचारा, आणि उपरत्नच हवं असेल तर नीली पुष्कळ स्वस्तात मिळते. भावाची भेट त्यासाठी खर्ची घालू नका. तिला ग्रहाचं ओझं नको.

रत्तीचंही इथेच सांगून टाकते, कारण ज्योतिषांची चिठ्ठी रत्तीत असते. बाजारात दोन रत्ती चालतात. सोनाराची रत्ती साधारण ०.१२ ग्रॅमची आणि खड्यांची पक्की रत्ती ०.१८ ग्रॅमची. तुमचा साडेतीन कॅरटचा खडा, म्हणजे ०.७ ग्रॅम, एका हिशेबाने पावणेसहा रत्ती भरेल आणि दुसऱ्याने चारलाही कमी. व्यवहार नेहमी कॅरटमध्ये लिहून घ्या.

दंतकथा म्हणाल तर या खड्याला एकच आहे, मासाईंची म्हणून सांगितली जाणारी. आकाशातून वीज पडली, माळावरचं गवत पेटलं, आणि विझल्यावर गुराख्यांनी पाहिलं तर जमिनीवरचे तपकिरी दगड निळे झाले होते. वणव्याने खरंच तेवढी उष्णता मिळाली असेल का यावर वाद घालता येईल. पण तापल्यावर तपकिरीचा निळा होतो हे या कथेत नेमकं आहे, म्हणून मला ती आवडते.

आता तुमचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, अंगठीचा. इथे मी हातचं राखून बोलणार नाही. रोजच्या अंगठीसाठी टांझानाइट नको.

कारण दोन आहेत. पहिलं कठीणपणाचं. मोह्सच्या मापावर हिरा १०, नीलम ९, आणि टांझानाइट ६ ते ७ च्या मधे. आपल्या घरात जी धूळ बसते तिच्यात वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे, बारीक कण असतात आणि क्वार्ट्झ ७ वर आहे. म्हणजे ओट्यावर हात टेकला, पर्समध्ये घातला, फडक्याने कोरडाच खडा पुसला, की दर वेळी सूक्ष्म ओरखडे पडतात. दोन-तीन वर्षांत धारा बोथट होतात आणि खड्यावर धुकं धरल्यासारखं दिसू लागतं. नीलमला या धुळीने काही होत नाही. फरक इथे आहे.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. टांझानाइटच्या आत एक दिशा कच्ची असते. लाकडाच्या ओंडक्याला रेषा असतात आणि त्या रेषेवर कुऱ्हाड बसली की तो सहज दुभंगतो, तसंच. त्या दिशेने ठोका बसला, किंवा तापमान एकदम बदललं, तर खड्याचे दोन तुकडे व्हायला जोर लागत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. नोकरीला लागून चौथं वर्ष होतं, एका मोठ्या पेढीत. एक बाई लग्नाच्या वाढदिवसासाठी टांझानाइटची अंगठी साफ करायला देऊन गेल्या. मी ती हिऱ्यांच्या अंगठ्यांबरोबर अल्ट्रासॉनिक मशीनच्या जाळीत ठेवली. त्या मशीनमध्ये गरम पाण्यातून कंपनं सोडतात आणि कोनाकोपऱ्यातला मळ सुटतो. हिऱ्याला ते उत्तम. दोन मिनिटांनी जाळी उचलली, अंगठी पुसली आणि दिव्याखाली धरली. खड्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत केसाएवढी एक रेष होती. नख फिरवलं तर लागत नव्हती, पण उजेडात चांदीच्या तारेसारखी चमकत होती. आतली कच्ची दिशा उघडली होती. मालकांनी सांगितलं, रेष आधीपासूनच होती असं म्हण. मी तसं म्हटलं नाही. बाईंना बसवून घडलं ते सांगितलं आणि माझ्या पगारातून सात महिने हप्ते देऊन तसाच खडा आणून दिला. त्या बाई आजही माझ्याकडेच दागिने तपासायला आणतात. पण ती रेष अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून पहिला नियम: अल्ट्रासॉनिक नको आणि वाफेचं मशीनही नको. दागिना साफ करायला कुठेही दिलात तर पावतीवर ‘टांझानाइट, हाताने धुणे’ असं लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं काउंटरवरून आत कारखान्यापर्यंत पोहोचत नाही.

दुसरा नियम झाळकामाचा. अंगठी मोठी-लहान करायची, कडी तुटली, झाळ लावायची, अशा वेळी खडा आधी काढून घ्यायला सांगा. सोनार घाईत असेल तर तो म्हणेल, ओल्या कापसात धरून करतो. नको म्हणा. ज्योतीची धग एका बाजूने लागली आणि दागिना लगेच पाण्यात बुडवला की खडा तडकलाच म्हणून समजा. झाळ झाल्यावर सोनं तेजाबात टाकून उजळतात, तेजाबही या खड्याला लागू देऊ नये.

मग घालायचा कसा? माझ्या मते पेंडंट करा. गळ्यात असलेल्या खड्याला ठोके बसत नाहीत, धूळ कमी लागते, आणि साडेतीन कॅरटचा लंबगोल खडा गळ्यात फार शोभतो. चौदा किंवा अठरा कॅरटच्या पांढऱ्या सोन्यात तो जास्त निळा दिसतो, पिवळ्या सोन्यात जांभळा उठून येतो. बावीस कॅरटच्या सोन्यात करू नका असं मी सुचवीन. ते मऊ असतं आणि खड्याला धरणारे दात लवकर वाकतात. मागची बाजू उघडी ठेवा, म्हणजे उजेड खेळतो आणि धुताना मळ निघतो. बंद कोंदणात मागे डाक, म्हणजे चमकदार पातळ पत्रा, भरून बसवला तर हा खडा काळवंडल्यासारखा दिसतो, सगळी मजा जाते.

अंगठीच हवी असा तुमचा जीव असेल तर तेही समजते, भावाची भेट सारखी नजरेसमोर राहावी असं वाटणारच. मग खड्याच्या भोवती पूर्ण सोन्याची कड घ्या, नुसत्या चार दातांवर उभा करू नका. खड्याचा माथा कडेपेक्षा फार वर येऊ देऊ नका. आणि ती सणासमारंभाची अंगठी ठेवा. कणीक मळताना, भांडी घासताना, जिममध्ये, पोहायला जाताना हातात नको. गौरी-गणपतीत घाला, लग्नाकार्यात घाला, घरी आलात की काढून ठेवा. जडणाऱ्या कारागिराला एवढंच सांगा, ‘मऊ खडा आहे, दात हळू दाबा.’ अनुभवी माणसाला तेवढं पुरतं. तो विचारू लागला की म्हणजे काय, तर दुसरा कारागीर बघा.

धुणं अगदी सोपं आहे. वाटीत कोमट पाणी घ्या, हात बुडवला तर गरम लागणार नाही इतपतच. त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, किंवा आपल्या आज्या वापरायच्या ते रिठ्याचं पाणी घाला. दागिना पाच मिनिटं भिजू द्या. लहान मुलाच्या मऊ ब्रशने मागच्या बाजूने हलकेच घासा, कारण तेल आणि साबणाचा थर मागेच बसतो आणि त्यामुळेच खडा निस्तेज दिसतो. मग तशाच कोमट पाण्याने धुऊन सुती मऊ कापडाने टिपा. टूथपेस्ट नको, खाण्याचा सोडा नको, चांदी उजळायचं द्रावण नको. सिंकचं भोक बंद करायला विसरू नका. खडे तडकून जातात त्यापेक्षा जास्त मोरीत वाहून जातात.

अत्तर, हेअरस्प्रे, सनस्क्रीन आधी लावा, ते वाळू द्या, दागिना शेवटी घाला. ठेवताना वेगळ्या डबीत किंवा मलमलच्या कापडात ठेवा. हिऱ्याच्या कुड्या आणि हा खडा एका डबीत असेल तर लॉकरमधून घरी येईपर्यंत हिरा त्याच्यावर रेघा मारून मोकळा होतो. ही चूक घरोघर होते, कारण सगळे दागिने एकाच पोटलीत बांधायची आपली सवय. आधीच ओरखडे पडले असतील तर निराश होऊ नका, पैलू पुन्हा घासून चकाकी आणता येते. थोडं वजन कमी होतं, पण हे काम टांझानाइट हाताळलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

सराफांकडे बसवायला देण्यापूर्वी एवढं करा. खड्याचं वजन कॅरटमध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत लिहून ठेवा, लांबी-रुंदी-उंची मिलिमीटरमध्ये मोजून घ्या, आणि वरून, बाजूने असे दोन-तीन फोटो काढा. खड्यात एखादी बारीक खूण, पिसासारखी रेष किंवा ठिपका असेल तर ती कुठे आहे ते कागदावर काढून ठेवा. परत येताना तोच खडा आला का, हे त्यावरून कळतं. पेंडंट हातात आलं की दुकानातच, काउंटरवर, ते कानाशी धरा आणि बोटाने हलकी टिचकी मारा. बसणी पक्की असेल तर काही ऐकू येणार नाही. बारीक किणकिण आली तर खडा सैल आहे, दात पुन्हा दाबून घेतल्याशिवाय घरी नेऊ नका. हीच टिचकी पुढे दर सहा महिन्यांनी मारत जा.